ब्रूनो रॉसी : व्हॉल्व्हपासून पल्सारपर्यंत

सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं जर्नल उघडलं की सुरुवातीलाच लॉजिक गेट्सचं प्रॅक्टिकल असतं. ब्रेडबोर्डवर ७४०८ खोचायची, दोन्ही इनपुट हाय केले की एलईडी लागतो, नाहीतर नाही. ट्रुथ टेबल लिहायचं, सरांची सही घ्यायची आणि मेसकडे पळायचं. हे अँड गेट पहिल्यांदा कुणी बनवलं, असा प्रश्न व्हायवाला सहसा येत नाही. आलाच तर निम्मी बॅच बूलचं नाव सांगून मोकळी होईल. बूलचं गणित खरं, पण व्हॉल्व्ह आणि रेझिस्टर जोडून ते काम प्रत्यक्षात करून दाखवणाऱ्या माणसाचा कॉम्प्युटरशी काडीचाही संबंध नव्हता. इटलीतल्या एका टेकडीवर बसून तो आकाशातून येणारे कण मोजत होता. त्याचं नाव ब्रूनो रॉसी. पुढे त्याच्याच नावाच्या एका उपग्रहाने सेकंदाला ४०१ फेऱ्या मारणारा तारा पकडला. मधल्या काळात या माणसाच्या वाट्याला जे आलं, ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून हा लेख.

ब्रूनो बेनेदेत्तो रॉसी यांचा जन्म १३ एप्रिल १९०५ चा, व्हेनिसचा. वडील इलेक्ट्रिकल इंजिनिअर, व्हेनिसमध्ये वीज आणण्याच्या कामात ते होते. म्हणजे मुलगा आपल्याच बिरादरीतला म्हणायला हरकत नाही! चौदा वर्षांचा होईपर्यंत शिक्षण घरीच झालं, मग शाळा, मग पादुआ विद्यापीठ आणि १९२७ साली बोलोन्याची डॉक्टरेट. १९२८ मध्ये ते फ्लॉरेन्स विद्यापीठात असिस्टंट म्हणून लागले. तिथला फिजिक्स विभाग गावाबाहेर आर्चेत्रीच्या टेकडीवर होता. गॅलिलिओने आयुष्याची शेवटची वर्षं नजरकैदेत काढली ती याच आर्चेत्रीला. टेकडी ऐतिहासिक, पण विभागाकडे पैसा नव्हता. तरुण पोरं होती, उत्साह होता, आणि काय संशोधन करावं हे सांगणारं कुणी नव्हतं.

१९२९ साली जर्मनीतल्या बोठे आणि कोलहोर्स्टर यांचा एक पेपर आला आणि रॉसींना आपला विषय सापडला. कॉस्मिक किरण म्हणजे बाहेरून येणारे गॅमा किरण, असं तेव्हा बहुतेक सगळे मानत. अमेरिकेत मिलिकन यांनी तर त्यावर पूर्ण सिद्धांत रचला होता. बोठे-कोलहोर्स्टरनी दोन गायगर काउंटर एकावर एक ठेवले, मध्ये सोन्याची जाड वीट सरकवली, आणि तरीही दोन्ही काउंटर एकाच वेळी वाजत राहिले. याचा अर्थ वरून येणारी गोष्ट विद्युतभारित कणांसारखी वागत होती.

पण 'एकाच वेळी' हे ठरवायचं कसं? बोठे यांची जुळणी दोनच काउंटरपुरती होती. रॉसींनी काही आठवड्यांत स्वतःचं सर्किट बनवलं आणि १९३० साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. युक्ती इतकी साधी आहे की आज फर्स्ट इयरच्या मुलालाही कळेल. प्रत्येक काउंटरला एक ट्रायोड व्हॉल्व्ह. सगळ्या ट्रायोडच्या प्लेट एकत्र बांधून एकाच मोठ्या रेझिस्टरला जोडलेल्या. एरवी सगळे व्हॉल्व्ह चालू असतात, त्यामुळे प्लेटचा व्होल्टेज खाली दबलेला. एका काउंटरने निगेटिव्ह पल्स दिला की त्याचा व्हॉल्व्ह बंद होतो, पण बाकीचे चालूच असल्याने व्होल्टेज काही उठत नाही. सगळेच्या सगळे एकदम बंद झाले तरच आउटपुट उडी मारतो. दोन काउंटर लावा, तीन लावा, हवे तितके लावा. यालाच पुढे रॉसी कोइन्सिडन्स सर्किट म्हणू लागले, आणि अँड गेटचा पहिला व्यवहारातला इलेक्ट्रॉनिक नमुना म्हणून ते आजही ओळखलं जातं. वय वर्षं २४-२५!

हे सर्किट हातात आल्यावर रॉसींनी कॉस्मिक किरणांची जी काही चौकशी केली ती वाचण्यासारखी आहे. मीटरभर जाडीच्या शिशातून ते आरपार जातात हे त्यांनी दाखवलं. मग तीन काउंटर त्रिकोणात असे मांडले, की सरळ जाणारा एकच कण तिन्हींतून जाऊच शकणार नाही. वर शिसं ठेवल्यावर तिन्ही एकदम वाजण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे शिशात एका कणापासून अनेक कणांचा वर्षाव होत होता. हा निष्कर्ष लोकांना इतका अविश्वसनीय वाटला की एका नियतकालिकाने पेपर परत पाठवला. हायझेनबर्ग यांनी या पोराची खात्री दिली तेव्हा दुसरीकडे तो छापला गेला. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) या वर्षावाचं गणित १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर ज्यांनी सोडवलं ते आपले होमी भाभा. आणि आर्चेत्रीचे मित्र ओक्यालिनी १९३१ साली केंब्रिजला गेले ते हे तंत्र शिकून. तिथे ब्लॅकेट यांच्या क्लाउड चेंबरला त्यांनी ते जोडलं. कण आला की सर्किटने सांगायचं आणि चेंबरने फोटो काढायचा. ब्लॅकेटना १९४८ चं नोबेल मिळालं. बोठेंना कोइन्सिडन्स पद्धतीसाठी १९५४ साली. रॉसींना नाही मिळालं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

श्रेय थोडक्यात हुकणं हे या माणसाच्या बाबतीत वारंवार झालेलं दिसतं. कण जर भारित असतील तर पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या कणांची संख्या वेगळी पडली पाहिजे, हे त्यांनी १९३० मध्येच मांडलं होतं. फ्लॉरेन्सला फरक दिसेना, म्हणून विषुववृत्ताजवळ जायचं ठरवलं. पण परवानगी, पैसा, तयारी यांत वेळ गेला. १९३३ साली ते एरिट्रियात अस्माराजवळच्या उंच भागात पोचले तोवर मेक्सिको सिटीत जॉन्सन यांनी, तसंच अल्व्हारेझ आणि कॉम्प्टन यांनी तेच मोजून छापूनही टाकलं होतं. रॉसींचा निकाल बरोबर आला. पश्चिमेकडून जास्त, म्हणजे कण बहुतांशी धनभारित. पण नंबर दुसरा. त्याच मुक्कामात त्यांना एकमेकांपासून लांब ठेवलेले काउंटरसुद्धा मधूनच एकदम वाजताना दिसले. हवेतल्या मोठ्या कणवर्षावाची ती चाहूल होती. त्यांनी नोंद केली, पण पाठपुरावा करता आला नाही. १९३८ साली पिएर ओजे यांनी तो विषय उचलला आणि नाव त्यांचं झालं.

१९३२ पासून रॉसी पादुआला प्रोफेसर होते. विद्यापीठाने नवी फिजिक्स इन्स्टिट्यूट बांधायचं काम त्यांच्यावर टाकलं. आराखड्यापासून उपकरणांपर्यंत प्रत्येक गोष्टीत लक्ष घालून १९३७ साली त्यांनी ती उभी केली. एप्रिल १९३८ मध्ये नोरा लोम्ब्रोसो यांच्याशी लग्न झालं. नवी इमारत, नवा संसार, वय ३३. आणि सप्टेंबर १९३८ मध्ये मुसोलिनी सरकारच्या वंशविषयक कायद्यांनी ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढलं. रॉसी ज्यू होते. स्वतः बांधलेल्या इमारतीत पाऊल ठेवायची सोय उरली नाही. ऑक्टोबरात नवरा-बायको देश सोडून निघाले ते आधी कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे, मग मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे, आणि जून १९३९ मध्ये शिकागोला कॉम्प्टन यांच्याकडे. गावोगाव ओळखीच्या आधारावर राहायचं आणि पुढची फेलोशिप मिळते का बघायचं, अशी ती अवस्था. ज्यांच्या कामाचा त्यांनी उपयोग केला किंवा ज्यांनी त्यांच्या कामाचा केला, तीच माणसं दारात उभी राहिली हे मात्र खरं.

अमेरिकेत पाय ठेवून जेमतेम उन्हाळा लागला नाही तोच कॉम्प्टननी त्यांना कोलोरॅडोच्या माउंट एव्हन्सवर पाठवलं. प्राणिशास्त्र विभागाची एक जुनी बस मागून घेतली, तिच्यात काउंटर आणि शिसं भरलं, आणि मंडळी डोंगर चढू लागली. त्या वेळी ज्याला मेसोट्रॉन म्हणत आणि आज म्युऑन म्हणतात, तो कण वाटेत आपोआप फुटतो का, हा प्रश्न होता. हवेच्या थराने जितके कण कमी होतात आणि तितक्याच वजनाच्या ग्रॅफाइटने जितके होतात, यांची तुलना केली. हवेत जास्त कमी झाले, कारण हवेतून यायला वेळ जास्त लागतो. कण फुटतात हे पक्कं झालं. पुढे डेव्हिड हॉल यांच्याबरोबर १९४१ साली त्यांनी दाखवलं की वेगवान म्युऑन मंद म्युऑनपेक्षा जास्त जगतात. रिलेटिव्हिटीच्या तासाला टाइम डायलेशनचं जे उदाहरण आपण घोकतो ते इथलं. मग कॉर्नेल विद्यापीठात नेरेसन यांच्यासोबत मोजलेलं म्युऑनचं आयुष्य आलं २.१५ मायक्रोसेकंद. आजची किंमत २.२ च्या जवळ आहे. १९४३ साली, व्हॉल्व्हच्या जमान्यात, मायक्रोसेकंदाचा हिशोब इतका अचूक! ज्यांनी लॅबमधल्या जुन्या सीआरओवर ट्रिगर स्थिर करताना घाम गाळलाय त्यांना याची किंमत कळेल.

वेगवान इलेक्ट्रॉनिक्सची ही हातोटीच त्यांना १९४३ मध्ये लॉस अॅलमॉसला घेऊन गेली. डिटेक्टर बनवणाऱ्या गटाचं काम त्यांच्याकडे होतं. प्लुटोनियमचा गोळा सगळ्या बाजूंनी सारखा दाबला जातो का, हे पाहण्याच्या चाचण्यांसाठी त्यांनी अतिवेगवान आयोनायझेशन चेंबर बनवले. १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी स्फोटात साखळी प्रक्रिया किती वेगाने वाढली याची नोंदही त्यांच्याच उपकरणाने घेतली. हे काम करायला ते आनंदाने गेले नव्हते. हिटलरच्या हातात आधी बॉम्ब पडेल ही भीती होती. प्रयोग यशस्वी झाल्याचं समाधान थोडा वेळच टिकलं. नंतर अपराधीपण आणि काळजी कायमची राहिली, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. या भागावर चरित्रकार दोन ओळींत पुढे सरकतात. मला वाटतं, देश सोडून आलेल्या माणसाने असं का केलं असेल याचा विचार आपल्या वाचकांनी आपापल्या खोलीत बसून करावा.

१९४६ पासून रॉसी एमआयटीत आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. आता त्यांच्याकडे स्वतःचा गट होता. जगभरातून पोरं येत. भारताचा धागाही इथेच जुळतो. त्यांच्या गटातले जॉर्ज क्लार्क आणि अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे विक्रम साराभाई व एकनाथ चिटणीस यांनी मिळून कोडाईकनालला कणवर्षाव मोजण्याचा प्रयोग केला, त्याचा पेपर १९६० साली आला. डॉ. चिटणीस जन्माने कोल्हापूरचे. ते काही काळ एमआयटीत रॉसींच्या गटात होते, आणि साराभाईंनी बोलावल्यावर परत येऊन थुंब्याच्या उभारणीत लागले.

आता गोष्ट एक्स-रेची. एक्स-रे हवेत शोषले जातात, त्यामुळे आकाशातले एक्स-रे बघायचे तर हवेच्या वर जावं लागतं. सूर्यातून ते येतात हे रॉकेटमुळे कळलं होतं. पण सूर्यासारखा तारा सगळ्यांत जवळच्या ताऱ्याइतका लांब ठेवला तर त्याचे एक्स-रे तेव्हाच्या कुठल्याच काउंटरला दिसले नसते. त्यामुळे शहाणी माणसं या वाटेला जात नव्हती. रॉसींचं म्हणणं वेगळं होतं. आपल्याला काय सुचतं यापेक्षा निसर्गाकडे जास्त कल्पकता असते, तेव्हा नवी खिडकी उघडता येत असेल तर उघडून बघावी. १९५९ साली त्यांच्या घरच्या एका पार्टीत त्यांनी हे रिकार्डो जाक्कोनी या तरुण इटालियनाला सांगितलं. जाक्कोनी नुकतेच अमेरिकन सायन्स अँड इंजिनिअरिंग या छोट्या कंपनीत लागले होते, आणि रॉसी तिचे सल्लागार होते. नासाने प्रस्ताव नाकारला. शेवटी हवाई दलाने पैसे दिले, तेही चंद्रावर सूर्यप्रकाश पडून तिथून एक्स-रे निघतात का हे बघण्यासाठी.

पहिलं रॉकेट फुकट गेलं. मग १८ जून १९६२ च्या मध्यरात्रीला एक मिनिट बाकी असताना न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून एरोबी रॉकेट सुटलं. तीन गायगर काउंटर होते, त्यातले दोन चालले. कामाचा वेळ एकूण ३५० सेकंद, म्हणजे सहा मिनिटंही नाहीत! चंद्राकडून काही आलं नाही. पण भलत्याच दिशेला, वृश्चिक राशीच्या बाजूला, काउंटर धडाधडा वाजले. महिनोन् महिने त्यांनी यात चूक शोधली, ती सापडली नाही. पेपर पाठवला तेव्हा फिजिकल रिव्ह्यू लेटर्सचे संपादक गाउडस्मिट बिचकले. रॉसींनी मजकुराची जबाबदारी वैयक्तिकरीत्या घेतली आणि तो छापला गेला. तीस वर्षांपूर्वी हायझेनबर्गनी एका पोरासाठी जे केलं, ते त्या पोराने आता दुसऱ्या पोरासाठी केलं. तो स्रोत म्हणजे स्कॉर्पियस एक्स-१, सूर्याखेरीज सापडलेला पहिला एक्स-रे तारा.

हे काय प्रकरण आहे, ते कळायला आणखी दहा वर्षं लागली. १२ डिसेंबर १९७० ला, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, केनियाच्या किनाऱ्यावरून 'उहुरू' हा एक्स-रे उपग्रह सुटला (उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य). त्याला १९७१ मध्ये सेंटॉरस एक्स-३ दर ४.८ सेकंदांनी लुकलुकताना दिसला, आणि दर २.१ दिवसांनी तो दुसऱ्या ताऱ्याआड दडत होता. म्हणजे जोडगोळी. एक साधा तारा, आणि दुसरा न्यूट्रॉन तारा. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, पण आकार एखाद्या शहराएवढा. शेजाऱ्याचा वायू त्याच्यावर कोसळतो तेव्हा जी ऊर्जा निघते ती हायड्रोजन जाळून निघणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट. चुंबकीय क्षेत्र हा वायू ध्रुवांकडे वळवतं, तिथे तापलेले ठिपके तयार होतात, आणि तारा फिरताना दीपगृहासारखा झोत आपल्यावरून जातो. हा एक्स-रे पल्सार.

यातले बरेच पल्सार एरवी गप्प असतात आणि मधूनच उसळतात. काहींचा जोडीदार 'बीई' जातीचा, गरागरा फिरणारा तारा असतो. त्याच्या कमरेभोवती वायूचं कडं असतं आणि लंबवर्तुळी कक्षेतला पल्सार त्या कड्याजवळ आला की उसळी येते. ए ०५३५+२६ या पल्सारची कक्षा १११ दिवसांची, त्यामुळे केव्हा नजर ठेवायची याचं कॅलेंडरच करता येतं. मात्र कधीकधी तो कॅलेंडर धाब्यावर बसवून दसपट भडकतो. दुसऱ्या प्रकारात जोडीदार किरकोळ असतो. वायू चकतीत साठत राहतो, आपल्याकडे धरण भरतं तसा. चकती पुरेशी तापून हायड्रोजन आयनित झाला की दरवाजे उघडल्यासारखा सगळा साठा आत कोसळतो. काही आठवडे धुमाकूळ, मग पुन्हा काही वर्षं शांतता. अशा वेळी उपग्रह चटकन त्या दिशेला वळवता आला पाहिजे आणि येणाऱ्या प्रत्येक फोटॉनची वेळ मायक्रोसेकंदांत नोंदता आली पाहिजे.

नेमका असाच उपग्रह नासाने ३० डिसेंबर १९९५ रोजी सोडला आणि १९९६ च्या सुरुवातीला त्याला रॉसींचं नाव दिलं : रॉसी एक्स-रे टायमिंग एक्सप्लोरर. रॉसींना हे कळलं नाही. २१ नोव्हेंबर १९९३ रोजी केंब्रिजच्या घरी हृदय बंद पडून ते गेले होते. त्या आधी १९८७ चं वुल्फ पारितोषिक जाक्कोनी आणि फ्रीडमन यांच्यासोबत त्यांना मिळालं होतं. जाक्कोनींना २००२ साली नोबेल मिळालं, पण ते मरणोत्तर देत नाहीत.

एप्रिल १९९८ मध्ये या उपग्रहाला सॅक्स जे १८०८.४-३६५८ उसळलेला दिसला. (हा आकडा म्हणजे आकाशातला पत्ता आहे, रोल नंबर नव्हे.) त्याच्या फोटॉनच्या वेळा तपासताना वाइनांड्स आणि व्हॅन डर क्लिस यांना ४०१ हर्ट्झची ठोक सापडली. तारा अडीच मिलिसेकंदांत एक गिरकी घेत होता, आणि जोडीदाराभोवतीची कक्षा दोन तासांची. म्हातारे पल्सार शेजाऱ्याचा वायू खाऊन पुन्हा वेगवान होतात, ही कल्पना १९८२ मध्ये मांडली गेली होती आणि मांडणाऱ्यांत बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटचे राधाकृष्णन आणि श्रीनिवासन होते. सोळा वर्षांनी तो वायू खाता खाता रंगेहाथ पकडला गेला. त्यानंतर हा पल्सार दर दोन-चार वर्षांनी उसळत आला आहे. २००० आणि २००२ मध्ये, अगदी २०१९ आणि २०२२ मध्येसुद्धा. पण स्कॉर्पियस एक्स-१, ज्याने हे सगळं सुरू केलं, त्यात अशी ठोक आजवर कुणालाही सापडलेली नाही.

आपल्याकडचा अॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला गेला. त्यावरचे लॅक्सपीसी हे मोठे काउंटर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनले आणि पुण्याच्या आयुकाचाही या उपग्रहात मोठा वाटा आहे. लॅक्सपीसी काय किंवा रॉसींच्या नावाच्या उपग्रहावरचा काउंटर काय, दोन्हींत एक्स-रे टिपणाऱ्या भागाभोवती आणखी तारांचे थर असतात. आतला आणि बाहेरचा थर एकदम वाजला तर तो एक्स-रे नाही, कॉस्मिक किरणाचा कण आहे असं समजून सर्किट ती नोंद फेकून देतं. आर्चेत्रीच्या टेकडीवर ज्या कणांसाठी हे सर्किट जन्माला आलं, तेच आता कचरा म्हणून बाजूला काढले जातात! रॉसी हे वाचून हसले असते असं मला वाटतं.

त्यांच्या नावाचा उपग्रह १६ वर्षं चालला, जानेवारी २०१२ मध्ये बंद झाला आणि ३० एप्रिल २०१८ ला वातावरणात जळाला. त्याचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळत नसेल त्यांनी तो उतरवून १९९८ च्या एप्रिलवर एफएफटी चालवून बघावा. ४०१ हर्ट्झचं टोक दिसतं, फक्त दोन तासांच्या कक्षेच्या डॉपलरमुळे ते किंचित सरकत राहतं.

रॉसींची समाधी मात्र अमेरिकेत नाही. फ्लॉरेन्सच्या सान मिनियातो चर्चच्या स्मशानात ती आहे, आणि तिथून आर्चेत्रीची टेकडी दिसते.